चार फुटी खाऱ्या टँकचा रिटर्न पंप: माझ्या नोंदी

११ मे

टँक आला. चार फूट बाय दीड फूट, उंची वीस इंच, १२ एमएम काच. टेम्पोतून उतरवायला चौघं लागले, आणि आईने दारातूनच विचारलं की समुद्र दोन किलोमीटरवर असताना घरात कशाला आणतोयस. उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नाहीये.

दोन क्लाउनफिश सध्या जुन्या दोन फुटी टँकमध्ये आहेत, पैदाशीतले, समुद्रातून पकडलेले नाहीत. कोरल ठेवणार नाहीये. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा तो विषयच नको. दगडसुद्धा सिरॅमिकचे. म्हणजे मासे, एखादा हर्मिट क्रॅब आणि एक क्लीनर श्रिंप, एवढाच संसार.

हिशोब: १२० x ४५ सेंमी, पाणी ४५ सेंमीपर्यंत धरलं तर २४३ लिटर. सोयीसाठी २४० पकडतो. खाली सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) ७५ x ३५ x ४० सेंमी, त्यात पाणी २५ सेंमी, म्हणजे पासष्टेक लिटर. वरचं पाणी ओव्हरफ्लोने आपोआप खाली येणार, सम्पमध्ये स्पंज आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), आणि तिथून परत वर ढकलायला रिटर्न पंप. चोवीस तास, बारा महिने. टँकमधली बाकी कुठलीही वस्तू चार तास बंद राहिली तरी चालेल, ही नाही.

१२ मे

नेटवर वाचत बसलो आणि डोकं भणाणलं. कोणी म्हणतं तासाला टँकच्या दहापट पाणी फिरवा, कोणी म्हणतं तीन-चार पट पुरे. मला दुसरं पटतं. माशांना जो करंट लागतो तो टँकमध्ये वेगळा वेव्हमेकर लावून मिळतो, ते काम रिटर्नच्या गळ्यात मारायचं कारण नाही. सम्पमधून फार जोरात पाणी गेलं की स्किमरला काही उपयोग होत नाही, आवाज वाढतो आणि बारीक बुडबुडे वर येतात. तेव्हा २४० च्या चार-पाच पट, म्हणजे तासाला १००० ते १२०० लिटर. खरे पोचलेले. खोक्यावरचे नव्हे.

अजून एक गोची कळली. अमेरिकन साइटवरचे आकडे गॅलनमध्ये असतात हे माहीत होतं (६६० गॅलन म्हणजे साधारण २५०० लिटर), पण ते आकडे ६० हर्ट्झवरचे असतात. साध्या एसी पंपाची मोटर लाइनच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते, आपल्याकडे ५० हर्ट्झ. तोच इंपेलर (पाणी ढकलणारी आतली फिरकी) असेल तर स्पीड पाच-षष्ठांश, पाणी सतरा टक्क्यांनी कमी आणि चढायची ताकद तर तीस टक्क्यांनी कमी, कारण ती स्पीडच्या वर्गात उतरते. ५० हर्ट्झसाठी बऱ्याच कंपन्या इंपेलरच वेगळा देतात. म्हणून आपल्याकडच्या मॉडेलचाच कागद बघायचा, तिकडचा रिव्ह्यू वाचून आकडा उचलायचा नाही.

१८ मे

काका आले होते. काकांचा पावसकडे आंब्याचा बाग आहे, विहिरीवर पंप, वर डोंगरावर टाकी, तीस-पस्तीस वर्षं त्यांनी पाणीच चढवलंय. मी त्यांना मोबाइलवर पंप दाखवला, म्हटलं हा बघा २५०० लिटरचा. त्यांनी पहिला प्रश्न केला, "हेड किती?" मी म्हटलं तीन मीटर. "अरे तीन मीटर म्हणजे तीन मीटरला शून्य पाणी. तिथे तो नुसता गुरगुरत बसेल. तुला कितीवर पायजे ते सांग."

झालं, काकांनी माझ्याच वहीत ग्राफ काढला. आडवं पाणी, उभी उंची. एका टोकाला नुसत्या बादलीत सोडलं तर २५००, दुसऱ्या टोकाला तीन मीटरवर शून्य, मध्ये खाली वाकणारी रेघ. खोक्यावर दोन्ही टोकांचे आकडे छापतात, गिऱ्हाइकाला वाटतं दोन्ही एकदम मिळणार.

माझ्याकडे सम्पच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंत चढ जेमतेम एक मीटर, सव्वातीन फूट. काका म्हणाले, हा झाला उभा चढ, आता पाइपाचा धर. अरुंद पाइप आणि काटकोनी एल्बो, हे सगळं चढासारखंच मोजायचं. बागेत एकाने पैसे वाचवायला दोन इंचीच्या जागी दीड इंची लाइन टाकली, मग पाणी येत नाही म्हणून मोटर बदलली, मग लाइट बिल बघून बोंबलला. "मोटर बदलण्याआधी पाइप बदल."

आज संध्याकाळपर्यंत मी पंप निवडत होतो. आता आधी पाइप.

१९ मे, रविवार

बादली टेस्ट. याच्याइतका स्वस्त फ्लोमीटर नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

मोठी बादली घेतली, लिटरच्या बाटलीने वीस वेळा पाणी ओतलं आणि मार्करने रेघ मारली. ही २० लिटरची रेघ, बादलीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास नाही (छापलेल्या अठराच्या रेघेत माझे सतरा आणि थोडे बसले). टँकशेजारी घोडा लावला, वरच्या पायरीवर बादली, म्हणजे पाइपाचं तोंड जिथे खरं असणार साधारण त्याच उंचीला. सम्पमध्ये नळाचं पाणी. पंप जुना, गोड्या पाण्याच्या दिवसांतला, १८०० लिटर आणि दोन मीटर लिहिलेला. बायको मोबाइलवर स्टॉपवॉच धरून उभी, आणि अट अशी की तीन वेळाच.

जुना १६ एमएम होज, दोन काटकोनी एल्बो: २० लिटरला ९६ सेकंद. म्हणजे तासाला ७५०.

मग हार्डवेअरमधून आणलेला इंची पीव्हीसी, काटकोनाच्या जागी दोन-दोन ४५ चे बेंड: ७१ सेकंद. म्हणजे १०१४.

पंप तोच. प्लगही काढला नव्हता. पाइप आणि बेंड मिळून तीनशे रुपये गेले असतील आणि तासाला अडीचशेच्या वर लिटर वाढले. पंपाच्या तोंडाला पाऊण इंची नळी बसते, पण तिथून लगेच रिड्यूसर लावून इंचीवर जायचं, कंपनीने पाऊण दिलं म्हणून वरपर्यंत पाऊण न्यायचं नाही.

(भरताना सम्पची पातळी उतरते, त्यामुळे शेवटी शेवटी चढ थोडा वाढतो. चालेल. आपल्याला तुलना हवी आहे.)

२० मे

मग हाच जुना पंप का नको? कारण गेले दहा दिवस तो रात्री मिठाच्या पाण्याच्या बादलीत चालवत होतो, काल उघडला. इंपेलरची दांडी स्टीलची, तिच्यावर तपकिरी ठिपके, आणि कव्हरच्या स्क्रूभोवती गंजाची रिंग. गोड्या पाण्यात पाच वर्षं काही झालं नव्हतं त्याला. खाऱ्या पाण्यासाठी दांडी सिरॅमिकची हवी आणि पाण्यात बुडणारा एकही स्क्रू धातूचा नको. शिवाय आतली वाइंडिंग तांब्याची, वरचं सील तडकलं आणि तांबं पाण्यात उतरलं तर मासे एक वेळ तगतील, श्रिंप आणि क्रॅब पहिले जाणार. कूलरचा पंप लावून बघ असं सांगणाऱ्या दोघांना आज मनातल्या मनात नमस्कार केला.

२३ मे

यादी आखडत तीनवर आली.

एक, एहाइमचा १२६०. २४०० लिटर, ३.७ मीटर, ६५ वॉट. लोक वर्षानुवर्षं चालवतात आणि नावाजतात. पण माझ्या एक मीटरला एवढी ताकद नकोच आहे, व्हॉल्व्ह पिळून पाणी कमी करावं लागेल. दोन, सिचेचा सिंक्रा ३.०. २७०० लिटर, तीन मीटर, ४५ वॉट. तीन, २४ व्होल्टचा डीसी पंप कंट्रोलरसकट, ३००० लिटर, अडीच मीटर, २५ वॉट, स्पीड दहा पायऱ्यांत कमीजास्त होतो.

वॉटचं गणित दोनदा बसतं हे आधी डोक्यात नव्हतं. एकदा मीटरवर: ६५ वॉट महिन्याला ४७ युनिट, ४५ चे साडेबत्तीस, २५ चे १८. आणि दुसऱ्यांदा पाण्यात, कारण पंप बुडालेला असतो, त्याची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन टँकमध्येच उतरते. २५० लिटरला ६५ वॉट म्हणजे, बाहेर काहीच गेलं नाही असं धरलं, तर साडेचार तासांत एक अंश. बाहेर जातं अर्थातच, पण रत्नागिरीच्या मे महिन्यात जातं तरी किती? माझ्याकडे चिलर नाही, पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे आहेत, आणि पावसाळ्यात हवाच ओली असते तेव्हा पंख्याने पाणी फारसं थंड होत नाही. हवंय २६, आत्ता जुना टँक २९ दाखवतोय.

डीसीबद्दल भीती एकच, कंट्रोलर. मोटर चांगली असते, डबी मरते. एसी पंपात मरायला डबीच नसते.

२६ मे

डीसी मागवला. मुंबईहून, ट्रॅव्हल्सच्या गाडीने. एसीवाल्यांचा आग्रह मान्य आहे, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइन कधी जाईल सांगता येत नाही, वारा सुटला की फांदी तारेवर. आणि घरातला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला. त्याच्यावर जुना एसी पंप लावून बघितला तर असा काही कण्हायला लागला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दहा मिनिटांत अंगाला हात लावला तर गरम. डीसीचा अडॅप्टर लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखाच, त्याला अशा लाइनचं काही वाटत नाही.

३० मे

पंप आला. दांडी सिरॅमिकची, आत स्क्रू नाही, कव्हर पिळून निघतं. कंट्रोलरची डबी बघून मन जरा खट्टू झालं, सील वगैरे काही नाही, साधी प्लास्टिकची. ती सम्पच्या कपाटात ठेवायचीच नाही, तिथे मिठाची वाफ बसते. बाहेर भिंतीवर लावली. वायरला खाली झोळ ठेवला, म्हणजे वायरीवरून थेंब ओघळला तर झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. काकांनी ईएलसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारी स्विच) हात घालायचा नाही असं बजावलं होतं, ती ३० मिलिअँपवाली आज बसवून घेतली. टेस्टचं बटण दाबलं की खटकन पडते.

बादली टेस्ट, फुल स्पीड: ३७ सेकंद. तासाला १९४६. खोक्यावर ३०००.
पायरी ६: ५८ सेकंद. १२४१. हेच हवं होतं.

प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर उसनं आणलं, सहावर १४ वॉट दाखवतंय.

२ जून, रविवार

आजची नोंद लिहिताना कंबर दुखतेय.

सगळी प्लंबिंग जोडली, टँक नळाच्या पाण्याने भरला, सहावर चालू केला. छान. ओव्हरफ्लोच्या सव्वा इंची पाइपातून पाणी शांतपणे खाली, वर नोझलमधून लाट. बायको म्हणाली बरं दिसतंय. तासभर चाललं. मग मी मोठ्या हुशारीने म्हटलं आता लाइट गेल्यासारखं करू, आणि प्लग काढला.

पंप थांबला. पण पाणी थांबलं नाही. रिटर्नच्या पाइपातून उलटं खाली यायला लागलं, सायफन. वरच्या नोझलचं तोंड मी पाण्याखाली बरंच खोल ठेवलं होतं, करंट चांगला फिरेल म्हणून. ते तोंड उघडं पडून हवा आत शिरेपर्यंत पाणी येतच राहणार होतं. मी सम्पकडे बघत उभा, पातळी चढतेय, चढतेय, काठाला आली. मग सुचलं की वरचा पाइप उपसायला हवा. तोवर फरशी.

नंतर पट्टी लावून मोजलं. नोझल ८ सेंमी खाली. १२० x ४५ x ८ म्हणजे ४३ लिटर, ओव्हरफ्लोच्या खणातलं आणि पाइपातलं चारेक लिटर, एकूण ४७. सम्पमध्ये रिकामी जागा ७५ x ३५ x १५, म्हणजे ३९. आठ लिटर बाहेर. आठ लिटर ऐकायला काहीच वाटत नाही, सोफ्याखालून पुसायला लागलं की कळतं. गोडं पाणी होतं एवढंच नशीब.

काकांना फोन केला तर हसले. "लाइनीत एनआरव्ही टाक की." विहिरीवर फूटवॉल असतो म्हणून पाणी उलटं जात नाही, तसं. मी सांगितलं की खाऱ्या पाण्यात व्हॉल्व्हच्या पाकळीवर चुन्यासारखा थर चढतो, नळ्यांत राहणारे बारीक किडे आणि शंख बसतात, मग ती पूर्ण मिटत नाही, आणि नेमकी ज्या दिवशी हवी त्या दिवशी दगा देते. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "हां, फूटवॉलमध्ये पालापाचोळा अडकतो तसं. मग जागाच ठेव बाबा पाण्याला."

३ जून

जागा ठेवली. नोझल वर घेतलं, पाण्याखाली तीनच सेंमी. १२० x ४५ x ३ = १६ लिटर, अधिक ते चार, झाले २०. सम्पमध्ये ३९ ची जागा. म्हणजे जवळपास निम्मी जागा शिल्लक राहते.

शिवाय पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ५ एमएमचं भोक पाडलं, पाणी थोडं उतरलं की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पण भरवसा भोकावर ठेवायचा नाही, शेवाळ धरून ते बुजतं. भोक बोट लावून बंद केलं तरी सम्प सांडता कामा नये, अशी टेस्ट घेतली. पाच वेळा प्लग काढला. पाचही वेळा सम्पची पातळी ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबली. चालू असतानाच्या पातळीला सम्पच्या काचेवर निळा टेप लावला, याच्या वर पाणी भरायचं नाही.

पंप घेताना हे गणित आधी करायला हवं होतं. मी तीन आठवडे तासाला किती लिटर वर जातं तेच बघत बसलो.

६ जून

आवाज. दिवसा ऐकू येत नाही, रात्री अकरानंतर एक बारीक घूंऽऽ, झोपायच्या खोलीपर्यंत. पंपाखाली स्पंज टाकला, फरक नाही. शेवटी स्टँडला कान लावून शोधलं, पंप नाही, पाइप वाजत होता. पंपापासून वरपर्यंत सगळं कडक पीव्हीसी, त्यामुळे पंपाची थरथर थेट लाकडात. मध्ये चार इंचांचा सिलिकॉन होजचा तुकडा घातला, दोन प्लास्टिकच्या क्लिपा. गेला आवाज. युनियनही (पिळून सुटणारा पाइपाचा जोड) तिथेच टाकली, पंप काढायला पाइप कापावा लागू नये म्हणून.

१० जून

मृग वेळेवर. मीठ घातलं. इथलं समुद्राचं पाणी आणायचा मोह होताच, पण ते मेमध्येच आणायला हवं होतं. आता भाट्याला काजळी नदीचं गढूळ पाणी येऊन मिळतंय, खारटपणा रोज वेगळा. ॲक्वेरियमसाठीचं पॅकेटचं मीठ आणि आरओचं पाणी. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२५.

खाऱ्या पाण्यात बादली टेस्ट पुन्हा: ५८. फरक नाही.

२३ जून

टँक सायकलवर आहे (मासे सोडण्याआधी अमोनिया खाणारे जिवाणू वाढू द्यायचे), अमोनिया उतरतोय, घाई नाही. पंपाबद्दल एकच. परवा टँकभर धुक्यासारखे बुडबुडे दिसले, वाटलं पंप गेला. झालं असं होतं की बाष्पीभवनाने पाणी कमी झालं. वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लो धरून ठेवतो, सगळी घट सम्पमधल्या रिटर्नच्या कप्प्यातच दिसते. तो कप्पा माझा २० x ३५ सेंमीचा, दोन लिटर उडाले की तिथे जवळजवळ तीन सेंमी उतरतं आणि पंप हवा ओढायला लागतो. फ्लोट स्विचवाला टॉप-अप लावेपर्यंत रोज सकाळी चहाबरोबर दीड लिटर आरओ. गोडं, खारं नाही, मीठ उडून जात नाही.

७ जुलै

मासे आत गेले. लाइट पण गेली, रात्री पावणेदोनला, आली सकाळी सात वाजता.

मी उठून बॅटरी घेऊन बघितलं: पंप इन्व्हर्टरवर, सहावर. तीनवर आणला, म्हणजे पाणी फक्त वाहतं राहील. २८ अंशाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमसुद्धा ऑक्सिजन मावत नाही, गोड्या पाण्यात पावणेआठ मावतो, त्यामुळे पाच तास साचलेलं पाणी इथे जास्त लवकर अंगाशी येतं. मुद्दाम एकदा पूर्ण बंद करूनही बघितलं. सम्प निळ्या टेपपासून वर चढला, साडेसात सेंमीवर थांबला. परत चालू केल्यावर पंप हळूहळू स्पीड घेतो, एकदम उसळत नाही.

दोन्ही क्लाउन कोपऱ्यात तिरके होऊन झोपले होते, त्यांना पत्ता नाही.

१४ जुलै, रविवार

बादली टेस्ट: ६२ सेकंद. तासाला ११६१ वर आलं. महिनाभरात चार सेकंद. पंप काढला (युनियनमुळे पाच मिनिटांत), इंपेलरवर बोट फिरवलं तर चिकट थर आणि जाळीला स्पंजचा एक तुकडा अडकलेला. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर, त्यात वीस मिनिटं चालवला, टूथब्रश मारला. तोवर टँकला जुना एअर पंप.

पुन्हा टेस्ट: ५९.

कंट्रोलरची एक जादा डबी मागवून ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. बायको म्हणते स्टॉपवॉच आता महिन्यातून एकदाच, आणि तेही तिची सीरियल संपल्यावर.